घाबरं

लाइट गेली, पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला, आणि बाहेरून भगवान ओरडला, "डॉक्टर, घाबरं होतंय हो इथे सगळ्यांना, मी पुढचं दार सताड उघडं टाकतो!" झालं ते एवढंच. ऑक्टोबरचा उकाडा मी म्हणत होता, इन्व्हर्टरची बॅटरी गेल्याच आठवड्यात बसलेली, आणि कोपर स्टेशनाच्या अलीकडच्या त्या बोळात संध्याकाळी साडेसहाला लाइट जाण्यात नवल ते काय. पण श्रीपाद सोवनीचा हात एका रिक्षावाल्याच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळता गुंडाळता तसाच राहिला. त्यानं मान वाकडी करून पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. बाकांवर बारा-चौदा माणसं बसली होती. बायका पदरानं, ओढणीनं वारा घेत होत्या, एक आजोबा आपल्या रिपोर्टच्या फाइलनं. दोघी तर कशाला तरी हसत होत्या. भ्यालेलं तिथं कुणीच नव्हतं. हवा कोंडली होती, जीव कासावीस झाला होता, त्याला भगवान घाबरं म्हणाला होता, आणि त्या सगळ्यांत एकालाही तो शब्द चुकला असं वाटलं नव्हतं. "जास्त आहे काय, डॉक्टर?" रिक्षावाल्यानं विचारलं. "काय?" "प्रेशर हो." "नाही रे, अजून घेतलंच नाही," असं म्हणून त्यानं रबरी फुगा दाबला, पारा चढला, उतरला, आणि आकडा काही लक्षात राहिला नाही. पुन्हा घेतलं.

बाहेर आठव्या नंबरला प्राची बसली होती. आत येताना त्यानं तिला पाहिलं होतं. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, नजर समोरच्या लसीकरणाच्या तक्त्यावर. एकवीस दिवसांपूर्वी तिची सासू रखमाबाई टिटवाळ्याच्या घराच्या जिन्यातच वारली होती. आणि जाण्याच्या बारा दिवस आधी रखमाबाई याच खोलीत, याच स्टुलावर बसून म्हणाली होती, "जिना चढाय लागलं की लई घाबरं व्हतं बगा." आणि श्रीपादनं, एकतीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर श्रीपाद सोवनीनं, कागदावर लिहिलं होतं: भीती.

शब्द ठाऊक नसता तर गोष्ट वेगळी होती. पुण्याच्या सदाशिव पेठेतला मुलगा डोंबिवलीत दवाखाना टाकतो, त्याला पहिली काही वर्षं पेशंटची भाषा कळत नाही, हे एक वेळ चालून जातं. तेव्हा तर त्यानं वहीच केली होती. चमक मारते म्हणजे काय, ओढ लागते म्हणजे काय, डोकं भणभणतं आणि डोकं गरगरतं यांत फरक काय, आणि बाई 'कसंतरी होतंय' म्हणाली की नेमकं कुठे हात लावून बघायचं. कुणी कोकणातलं, कुणी पाटण-कराडकडचं, कुणी इथलंच आगरी, प्रत्येकाचं दुखणं आपापल्या बोलीत. ही सगळी शिकवणी भगवाननं घेतली. चिपळूणकडचा माणूस, दहावी नापास, कंपाउंडर म्हणून आला आणि सव्वीस वर्षं राहिला. त्यानंच एकदा औषधाच्या पुड्या बांधता बांधता सांगितलं होतं, "घाबरं होतं म्हणजे भ्याला, असं नव्हे हो डॉक्टर. दम पुरत नाही त्याला. आपल्याकडे माणूस भ्यायला की तो घाबरतो. घाबरं होतं ते छातीत." केवढा फरक, आणि केवढ्याशा शब्दाचा! श्रीपाद तेव्हा खूश झाला होता. वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पुढे वही गेली कुठेतरी, तिची गरजच उरली नाही. 'घाबरं' हा शब्द कानावर पडला की त्याचा हात आपोआप स्टेथोस्कोपकडे जायचा आणि तोंडातून निघायचं, "भगवान, कार्डिओग्रामचं मशीन आण." इतकं ते अंगवळणी पडलं होतं. मग एका रविवारी ते अंगावरून उतरलं. सव्वीस वर्षांचं शिकलेलं एका रविवारी कसं उतरतं? त्याला या क्षणी हे विचारणारं कुणी नव्हतं, तरी त्याचे कान तापले.

तो रविवार ठाण्याचा. एका हॉटेलच्या हॉलमध्ये फॅमिली डॉक्टरांसाठी शिबिर होतं. विषय असा की पेशंटच्या मनातले विचार कसे तपासायचे आणि तेही आपल्या नेहमीच्या दहा मिनिटांत. श्रीपाद जेवण चांगलं असतं म्हणून गेला होता, खोटं कशाला बोला. पण शिकवणाऱ्या बाईंनी त्याला खुर्चीला खिळवलं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या तिघांचे रिपोर्ट नॉर्मल असतात आणि तरी ते पुन्हा पुन्हा येतात, बरोबर? सगळा हॉल हसला. तुम्ही त्यांना काय देता? व्हिटॅमिन! पुन्हा हशा. सल्ला देऊ नका, त्या म्हणाल्या, प्रश्न विचारा. प्रसंग काय घडला? त्या वेळी मनात विचार काय आला? भावना कुठली? आणि मग त्या विचाराला पुरावा काय, बाजूनं काय, विरुद्ध काय, ते पेशंटलाच लिहू द्या. भीती ज्या गोष्टीची वाटते ती टाळली की भीती माजते. म्हणून ती गोष्ट थोडी थोडी करायला लावा. आणि पुन्हा पुन्हा तपासण्या करत बसू नका, त्यानं पेशंटची शंका पक्की होते. श्रीपादनं भराभरा लिहून घेतलं. घरी येताना त्याला हलकं हलकं वाटत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवीन काही शिकता येतं, आपण नुसते सर्दी-खोकल्याचे डॉक्टर नाही, असं काहीतरी. हेमाला, बायकोला, रात्रीच्या जेवणाला बसून सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "आता गोळ्या बंद आणि प्रवचन सुरू का?" तो चिडला सुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बसून त्यानं तो इंग्रजी तक्ता मराठीत केला. मराठीचा त्याला भारी अभिमान. 'चिंता' लिहिलं, खोडलं, पुस्तकी वाटलं. आपल्या लोकांचा शब्द हवा, रांगडा, ओळखीचा. आणि मग भावनांच्या यादीत राग, दुःख, लाज यांच्या खाली त्यानं मोठ्या कौतुकानं लिहिलं: घाबरं होणं. पाचशे प्रती छापून आणल्या. भगवाननं एक प्रत उचलून वाचली, काही बोलला नाही, गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला. श्रीपादला आज वाटलं, त्या वेळी भगवानच्या कपाळावर आठी होती. की हे आपलं आत्ताचं?

आणि यश आलं ना, तीच तर पंचाईत. केदार नावाचा एक पोरगा मुलाखतीला जायचं म्हटलं की ओकायचा, तो तीन आठवड्यांत नोकरीला लागला, पेढे घेऊन आला. एक शिक्षिका रोज पंधरा वेळा गॅस बंद आहे का बघायची, ती तिनावर आली. माणसं कागद भरून आणायची, नाकाला चष्मा लावून श्रीपाद वाचायचा, एखादाच प्रश्न विचारायचा, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होताना दिसायचं. त्याची चटक लागते. गोळीनं ताप उतरला तर श्रेय गोळीचं, इथे सगळं श्रेय प्रश्नाचं. मग जो येईल त्याच्यात श्रीपादला विचार दिसायला लागला, भीती दिसायला लागली. पोट दुखतंय? घरी काही ताण? पाठ धरलीय? कामावर कसं चाललंय? अशात रखमाबाई आली.

तिला तो वीस वर्षं ओळखत होता. नवरा दगडू इथल्याच एका कारखान्यात होता, कोपरच्या चाळीत राहायचे, मुलगा प्रीतम लहानपणी दर पंधरा दिवसांनी टॉन्सिल घेऊन यायचा. दगडू दोन वर्षांपूर्वी गेला. प्रीतम एसी दुरुस्तीत शिकला, कमावता झाला, टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्टचा नुसता खड्डा, लिफ्ट अजून यायची होती. तिथं दवाखाने काय कमी आहेत? पण रखमाबाईला डॉक्टर म्हणजे हाच. सुनेला घेऊन टिटवाळ्याहून यायची. त्या दिवशी स्टुलावर बसून तिनं पदरानं गळा पुसला आणि ते वाक्य म्हटलं. श्रीपादच्या डोक्यात लगेच चित्र तयार झालं, काय सुरेख जमलं होतं ते! नवरा गेलेला, चाळ सुटलेली, नवी जागा, ओळखीचं कुणी नाही, त्यात तीन जिने. आठ महिन्यांपूर्वीचा कार्डिओग्राम नॉर्मल. त्यानं छाती तपासली, नाही असं नाही. ठोके ठीक होते, बसलेल्या बाईचे असतात तसे. मशीन कोपऱ्यात होतं, खाकी कापडाखाली. त्यालाही दहाच मिनिटं लागली असती. त्यानं कागद पुढे ओढला.

"जिना चढताना मनात काय येतं, रखमाबाई?" "मनात काय यायचं?" ती म्हणाली. "घाबरं व्हतं. बसाय लागतं. बसलं की जातं." "कशाची भीती वाटते नेमकी?" ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग सुनेकडे. अजून ते पाहणं त्याला दिसत होतं, अगदी शाळेत गणित न आलेल्या पोरीसारखं. प्राची मागे उभी होती, तीच म्हणाली, "सांगा ना आई. पडायची वाटत असेल, हो ना?" "आसंल," रखमाबाई म्हणाली. झालं! विचार: मी जिन्यात पडेन. भावना: भीती, दहापैकी सात. श्रीपादनं खुर्ची पुढे घेतली आणि एकदम छान समजावून सांगितलं. रोज चढायचं. पहिले पंधरा दिवस एक मजला, मग दोन, मग तीन. सुनेनं सोबत राहायचं. आणि मध्ये बसायचं नाही. "बसलं की भीती जिंकते," तो म्हणाला, "ती जिंकता कामा नये." रखमाबाईनं मान डोलावली. प्राचीनं मोबाइलवर लिहून घेतलं. नऊ मिनिटांत झालं सगळं. श्रीपादनं घड्याळ पाहिलं होतं, हेही त्याला आता आठवत होतं.

लाइट आली. पंखा कुरकुरत फिरायला लागला, बाहेर कुणीतरी 'हां' म्हणून मोठ्यानं श्वास सोडला. दोन पेशंट त्यानं कसे काढले कोण जाणे. एका मुलीचं टॉन्सिल, एका बाईची साखर. हात काम करत होते, तोंड काम करत होतं, आणि आत तो पुरावे मागणारा हिशेबनीस माणूस, जो त्यानं ठाण्याहून शिकून आणला होता, तोच आता त्याच्यावर उलटला होता. पुरावा काय? चढताना होतं, बसलं की जातं. अहो, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगा, झोपेत सांगेल. हृदयरोगाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं ते. रखमाबाईनं पहिलं पानच वाचून दाखवलं होतं, तिच्या भाषेत, आणि आपण तिला विचारत होतो, मनात काय येतं. विरुद्ध पुरावा? वय चौसष्ट. कुणालाही कधीही होतं. इथपर्यंत तो गेले एकवीस दिवस येत होता आणि इथेच थांबत होता. प्रीतमचा फोन आला, "डॉक्टरकाका, आई गेली, हार्टचं झालं म्हणतात," तेव्हाही त्यानं वयच पुढे केलं होतं. दहाव्याला तो गेला नाही, भगवानला पाठवलं. भगवान परत आला, हात धुतले, आणि म्हणाला, "दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलेली होती म्हणे बाई." श्रीपादनं पुढचा नंबर आत सोडायला सांगितलं होतं.

आणि गेल्या मंगळवारी प्राची आली. झोप नाही, जेवण जात नाही, कल्याणच्या कुरियरच्या ऑफिसात दोनदा चक्कर आली. "माझ्यामुळे गेल्या आई," ती म्हणाली होती, सरळ, डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. श्रीपाद त्या दिवशी अजून रखमाबाईच्या वयाच्या आडोशाला होता. समोर मनाचा पेशंट, ड्रॉवरमध्ये कागद. त्यानं कागद दिला. "हा एक विचार आहे, प्राची. विचार म्हणजे सत्य नव्हे. बाजूचा पुरावा लिही, विरुद्धचा लिही, मग बघू." देताना हात जड झाला होता, पण दिला. आता ते आठवून त्याला स्वतःची किळस आली. ज्या कागदानं सासूला जिना चढायला लावला तोच सुनेच्या हातात दिला!

"आठ नंबर," भगवान म्हणाला, आणि प्राची आत आली.

वाळली होती. आंबिवलीची मुलगी, लग्न होऊन आली तेव्हा गोल चेहऱ्याची, बडबडी. सान्वी झाल्यावर तिच्या लसींसाठी यायची तेव्हा सगळ्या दवाखान्याला हसवायची. तिनं पर्स उघडून चार घड्यांचा कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. "लिहून आणलंय काका सगळं. तुम्ही म्हणालेलात तसं." अक्षर गोल, शाळेतल्यासारखं. विचार: माझ्यामुळे आई गेल्या. बाजूच्या रकान्यात इंचभर जागा नव्हती. 'त्या दिवशी एकच मजला उतरून चढायचा होता. मी खाली नेलं, तीनही चढायला लावले. सान्वी घरात एकटी होती, बाहेरून कडी घातलेली, कोथिंबीर आणायला पाच मिनिटं म्हणून गेलो आणि वीस झाली, म्हणून मला घाई. त्या पहिल्या मजल्यावर बसल्या. मी उठवलं. म्हटलं बसायचं नाही. दुसऱ्या मजल्यावर परत बसल्या, घाबरं होतंय म्हणाल्या. मी म्हटलं चला आई, बसलं की ते जिंकतं. त्या उठल्या. मी पुढे पळाले कडी काढायला. वर जाऊन सान्वीला पाणी दिलं. मग आठवलं आई आल्या नाहीत.' श्रीपादनं दोनदा वाचलं. 'बसलं की ते जिंकतं' हे वाक्य त्यानं तिसऱ्यांदा वाचलं. ते त्याचं होतं, थोडं झिजलेलं.

विरुद्धचा रकाना मोकळा होता. म्हणजे वर एक ओळ होती, पण ती काळी गिचमीड होईपर्यंत खोडलेली.

"इथे काय होतं?"

"ते चुकून लिहिलेलं."

"तरी काय होतं?"

प्राची पर्सच्या चेनशी खेळत राहिली. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी केलं, असं लिहिलेलं. मग वाटलं हे काय आपण, दुसऱ्यावर ढकलतोय. तुम्ही कुठे म्हणालेलात मला, वर पळ म्हणून? तुम्ही म्हणालेलात सोबत राहा. म्हणून खोडलं."

वाट मोकळी होती. अगदी धुऊन पुसून ठेवलेली. शिबिरातल्या बाईंनी शिकवलेला प्रश्न त्याच्या जिभेवर तयार होता: तुझ्या जागी तुझी मैत्रीण असती, तर तिला तू काय म्हणाली असतीस? हा प्रश्न कधी फसत नाही. ती रडली असती, म्हणाली असती, मैत्रिणीला मी म्हटलं असतं की तुझी काही चूक नाही. दहापैकी नऊचं दुःख सहावर आलं असतं, झोपेची गोळी दिली असती, पुढल्या मंगळवारी चार. बरी झाली असती ती, खरंच झाली असती. आणि श्रीपाद सोवनीच्या दवाखान्याची पाटी होती तिथे राहिली असती. त्याला पाटी दिसली, प्रीतम दिसला, टॉन्सिलवाला लहानगा नव्हे, एसीची आउटडोअर मशीनं एकट्यानं उचलणारा, दारात उभा. कुठल्यातरी कौन्सिलचं पत्र दिसलं, हेमाचा चेहरा दिसला. त्याला भीती वाटली. ही मात्र साधी, सरळ भीतीच होती, हात गार पाडणारी, तिच्यात शब्दाचा काही घोटाळा नव्हता. पण समोर ती पोर त्या खोडलेल्या ओळीकडे बघत होती, आणि ती ओळ तिच्या आणि रोजच्या रात्रीच्या मध्ये उभी राहू शकणारी एकमेव गोष्ट होती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं खोडली होती, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

"प्राची, हे खोडायला नको होतंस," तो म्हणाला. "खरं आहे ते. चूक माझी झाली."

तिनं वर पाहिलं. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, थकलेलं, मायेचं. "काय काका तुम्ही पण. मला बरं वाटावं म्हणून किती करता."

"अगं नाही. ऐक माझं." त्याचा आवाज चढला, बाहेरची कुजबुज थांबली, तो पुढे वाकून हळू बोलला. "मी बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये. रखमाबाई म्हणाल्या घाबरं होतं. मला वाटलं, भीती वाटते. मी भीतीवर इलाज केला. त्यांना भीती नव्हतीच. त्यांचा दम कोंडत होता, हृदयाचं होतं ते. मी त्याच दिवशी कार्डिओग्राम काढायला हवा होता, मोठ्या हॉस्पिटलला पाठवायला हवं होतं. जिना तर बंदच करायला हवा होता. मी उलट चढा म्हणालो. मला... मला तो शब्द नीट कळला नाही."

बोलून झालं. एवढं सोपं होतं? त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, आणि त्याच वेळी त्या शेवटच्या वाक्याची बोच आत कुठेतरी लागली. नीट कळला नाही. थोडंसंच कापलं होतं त्यानं, नखाएवढं. सगळं सांगितलं, आणि एवढंच स्वतःसाठी ठेवलं.

प्राचीचा हात चेनवर थांबला होता. "म्हणजे तुम्हाला वाटलं, आई भ्यायल्या?"

"हो."

"पण घाबरं म्हणजे भीती कुठे, काका?" ती अगदी साधेपणानं म्हणाली, चूक काढावी तसं नाही. "माझ्या आजीला दमा होता, आंबिवलीला. रोज म्हणायची, घाबरं होतंय, खिडकी उघड. घाबरं म्हणजे श्वास ना."

"हो. तेच सांगतोय मी."

श्रीपाद वाट पाहत राहिला. आता ती रागावेल, ओरडेल, उठून जाईल, प्रीतमला फोन करेल, करू दे. ते सगळं या शांततेपेक्षा बरं होतं. पण तिचा चेहरा बंद होत गेला. डोळे टेबलावर, मग स्टुलाच्या मागच्या रिकाम्या जागेवर, जिथे ती त्या दिवशी उभी होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"घाबरं म्हणजे काय ते. मी इथेच उभी होते ना. तुम्ही विचारलंत कशाची भीती वाटते, आणि आई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना कळलंच नव्हतं तुम्ही काय विचारताय. मला तेव्हा वाटलेलं, काका असं का विचारतायत? पण म्हटलं डॉक्टर आहेत, असेल काहीतरी त्याच्यात. आणि मीच म्हणाले, पडायची वाटत असेल. आई कुठे म्हणाल्या? मी म्हणाले. त्या बिचाऱ्या नुसतं 'असेल' म्हणाल्या, माझं मन राखायला."

"प्राची, विचारणारा मी होतो. तू डॉक्टर नाहीस."

"पण तुम्हाला शब्द माहीत नव्हता, काका," ती म्हणाली. "मला होता."

तीनच शब्द होते. मलाही माहीत होता. सव्वीस वर्षं माहीत होता, वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, बाहेर बसलाय तो माणूस साक्षीला आहे, हाक मारली तर आत येऊन सांगेल. तीन शब्द बोलले की ही पोर सुटते. शब्द माहीत नसलेला डॉक्टर चुकतो, लोक म्हणतात, होतं बाबा, पुण्याचे आहेत ते. माहीत असलेला डॉक्टर? त्याला काय म्हणतात? त्यानं तोंड उघडलं. "तू असा विचार..." एवढंच बाहेर आलं, ते शिबिरातलं, आणि तेही अर्ध्यावर राहिलं.

तिचं लक्ष नव्हतं. तिनं टेबलावरचं त्याचंच पेन उचललं, कागद आपल्याकडे फिरवला, आणि डाव्या रकान्यात, समासात, दोन ओळींच्या मधे, जागा शोधायला लागली. पेन एकदा टेकवलं, उचललं, खाली कडेला नेलं. तिथेही नव्हती. बाहेरून भगवाननं दारावर दोनदा टकटक केली. दहा मिनिटं झाली की तो करायचा, ती श्रीपादनंच लावलेली शिस्त होती.

"जागा संपली," प्राची म्हणाली. "दुसरा कागद आहे का काका?"

श्रीपादनं ड्रॉवर उघडला. गठ्ठ्यातला वरचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला, आणि दाराकडे वळून म्हणाला, "अजून पाच मिनिटं, भगवान."